अकरा डब्यांचं पुस्तक

परवा भाच्याकडे गेले तर त्याने माझ्या मांडीवर एक पुस्तक आणून ठेवलं. पाटाएवढं जड, गुळगुळीत कागदाचं. जुन्या टीव्ही गेमच्या डब्यांवर जी चित्रं असायची, ती गोळा करून छापलेलं. असली पुस्तकं हौशी लोक विकत घेतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात म्हणे. "आत्या, तू बाइंडर ना, बांधणी कशी आहे सांग," तो म्हणाला.

बांधणी कसली पाहते मी. पहिली चार पानं उलटली आणि मनात आलं, यात ते चित्र निघालं तर? पुस्तक मिटून मी चहा मागितला. चाळीस वर्षं होत आली, तरी भीती जशीच्या तशी आहे. लोक म्हणतात काळ हे औषध आहे. मला तरी ते लागू पडलं नाही.

तेव्हा नागपूरच्या इतवारीत, भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत आमचं बाइंडिंगचं दुकान होतं. शाळांच्या वाचनालयांतली फाटकी पुस्तकं यायची, देवळातल्या पोथ्या यायच्या. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन पावसाळ्यानंतर करू म्हणून त्यांनी टाळलं, आणि त्या उन्हाळ्यात सुई, दाभण, खळीचं भांडं सगळं माझ्याकडे आलं. मी तेविशीची. हात चांगला होता, आणि तो चांगला आहे हे मला जरा जास्तच माहीत होतं.

मे महिन्यात एका दुपारी कोराडीच्या पॉवर हाउसमधले एक साहेब आले. सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी. साहेब परदेशात ट्रेनिंगला जाऊन आले होते, येताना टीव्हीला जोडून खेळायचा गेम आणला होता. मुलीच्या पिशवीत त्या गेमचे अकरा डबे होते, उलगडून चपटे केलेले.

"बदली झालीय माझी," साहेब म्हणाले. "सामान आधीच ट्रकभर आहे, त्यात ही रिकामी खोकी. मी फेकणारच होतो. हिने दोन दिवस जेवण सोडलं, तेव्हा हिची आई म्हणाली, चित्रांचं पुस्तक करून घ्या. शनिवारी निघायचंय. नीट झालं तर नेऊ. खराब झालं तर तुमच्याच रद्दीत टाका, मला कचरा वाहून न्यायचा नाही."

मुलगी खाली बघत होती. साहेब सिगारेट ओढायला बाहेर गेले, तेव्हा ती माझ्याजवळ आली.

"कडा कापू नका हं," ती म्हणाली. "टीव्हीवर नुसता ठिपका दिसतो. चौकोनी. तो ठिपका कोण आहे ते डब्यावर असतं. मी आधी डबा बघते आणि मग खेळते."

मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर मी तिचं ऐकत नव्हते. डब्याचा पुठ्ठा बोटांत धरून किती जाड आहे ते बघत होते. ज्याच्या हातांतून शेकडो पुस्तकं जातात तो एकही वाचत नाही, तसंच माझं चित्रांच्या बाबतीत झालं. आकाशात आगी लागल्यात, विमानं उडतायत, नांग्या उगारलेलं एक जनावर आहे, एवढंच पाहिलं. बाकी सगळा वेळ माझं लक्ष पुठ्ठ्यावर.

तो पुठ्ठा शिवला असता तर पहिल्याच उघडझापीत तडकला असता. म्हणून मी ठरवलं की डबे भिजवायचे, वरचा चित्राचा पापुद्रा सोडवायचा आणि नवीन कागदावर चढवायचा. जुन्या पुस्तकांवरची लेबलं आम्ही अशीच काढायचो. गुरुवारी संध्याकाळी अकराही चित्रं अलगद सुटली. एक कोपरा फाटला नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आता बाबांचा एक नियम होता. नागपूरच्या उन्हात ओला कागद मोकळा ठेवला की त्याचा पापड होतो, म्हणून ओला असतानाच दाबायचा. लहानपणापासून हेच ऐकलेलं. मी अकरा चित्रं एकावर एक रचली, दाबाच्या शिकंज्याच्या दोन फळ्यांमध्ये ठेवली, वरचा स्क्रू दोन्ही हातांनी आवळला आणि घरी जाऊन पोटभर जेवले.

शुक्रवारी सकाळी स्क्रू सोडला तर आतून वीट निघाली. अकरा चित्रांची एक वीट. कोपऱ्याला नख लावलं, सुटेना. बाबांचा नियम साध्या कागदासाठी होता. हा विलायती चकचकीत कागद, त्याच्यावरचा लेप पाण्याने खळीसारखा झाला होता आणि दाबाखाली त्याने एकमेकांना धरलं होतं. हे मला आज सांगता येतं. तेव्हा नुसती वीट हातात घेऊन बसले. पैसे टाकून दुसरी आणावी अशी ती वस्तू नव्हती. अख्ख्या नागपुरात ती मिळाली नसती. आणि उद्या ते साहेब दारात उभे राहून म्हणणार, टाका रद्दीत, आणि ती पोर खाली बघत उभी राहणार.

मी पळून जायचाही विचार केला. पाचपावलीला मावशी होती, तिच्याकडे दोन दिवस लपायचं. तेवढ्यात बाबा काठी टेकत आत आले.

"काहून वं, कामाचा आवाज नाही? काय करून राहिली?"

"बाबा, सगळे चिपकले," मी म्हटलं, आणि रडायलाच लागले.

बाबांनी हात पुढे केला. वीट तळहातावर तोलली. मग अंगठ्याने चारी कडा हळूहळू चाचपल्या आणि गालाला लावून पाहिली.

"कडा सुकून राहिल्या. पोटात ओलं आहे अजून. पाण्यात टाक. आत्ताच टाक. सुकलं का गेलं समज."

मी परात भरली. बाबांनी स्वतः चाचपत जाऊन पंखा बंद केला, कूलर बंद केला, दारावर ओलं गोणपाट टाकलं. त्या दिवशी बाहेर काय ऊन होतं ते नागपूरकरालाच सांगावं, दुसऱ्याला खोटं वाटेल. बंद खोलीत आम्ही दोघं परातीपाशी बसलो. घाम चित्रांवर पडू नये म्हणून मी कपाळाला ओढणी बांधली होती.

"ओढू नको. पाण्याले ओढू दे," बाबा म्हणत होते. "तू नुसती वाट पाह्य."

पहिलं चित्र सुटायला तासभर लागला. प्रत्येक चित्र सुटताना बारीक चर्र आवाज व्हायचा, आणि दर वेळी मला वाटायचं, आता फाटलं. सुटलेलं चित्र बाबा वेगळ्या फडक्यावर ठेवायचे, एकाला दुसऱ्याचा स्पर्श होऊ द्यायचे नाहीत. नऊ सुटली. खालची दोन एकमेकांना धरून होती, असं म्हणता म्हणता तीही सुटत आली. दुपारचे तीन वाजले असतील. माझी मान भरून आली होती, आणि आता संपलंच म्हणून मी अंगठ्याने जरासा जोर लावला.

नखाएवढा तुकडा गेला. नांग्यावाल्या जनावराच्या चित्रात, खाली उजव्या कोपऱ्याजवळ पांढरा डाग पडला. तिथला रंग वरच्या चित्राच्या पाठीला उलटा चिकटून राहिला होता. वर दिसत होती ती त्याची पांढरी पाठ, पांढऱ्यावर पांढरी. तिथे काय होतं, मला आठवेना. आठवायला मी पाहिलं कुठे होतं?

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. सुटलं," मी म्हटलं. त्यांना दिसत नव्हतं. याची लाज मला त्या डागापेक्षा जास्त वाटते, पण तेव्हा भीतीपुढे लाज सुचली नाही.

शनिवारी सकाळी साहेब आले. पुस्तक तयार होतं. निळं कापड, शिवण पक्की, कडा न कापलेल्या. "दाखव," ते मुलीला म्हणाले आणि मनगटावरचं घड्याळ बघत तिच्या मागेच उभे राहिले. मुलगी एकेक पान उलटत होती. सहावं, सातवं. नववं पान आलं. तिची नजर थेट त्या कोपऱ्यावर गेली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग आपला तळहात तिने त्या डागावर ठेवला, जणू पान वाऱ्याने उडतंय.

"झालंय ना नीट?" साहेबांनी विचारलं.

"हो बाबा. छान झालंय." तळहात तिने उचलला नाही. माझ्याहून ती जास्त घाबरलेली होती, हे मला तेव्हा कळलं. मी खरं सांगितलं असतं तर पुस्तक रद्दीत गेलं असतं, आणि ती खरं बोलली असती तरीही.

साहेब जीपकडे वळले. ती पुस्तक छातीशी धरून जरा मागे राहिली आणि हळूच म्हणाली, "तिथे कोण होतं ते मला माहीत आहे. तुम्ही काळजी करू नका."

कोण होतं, हे मी विचारलं नाही. जीप निघून गेली. मी नुसता हात केला. पुढे हजारो पुस्तकं बांधली, पण अंगठ्याला जोर लावताना दर वेळी हात थबकला.

चहा संपला. भाचा म्हणाला, "आत्या, पुढची पानं तर बघ." घाबरत घाबरत पुस्तक उघडलं. शेवटाकडे ते निघालंच. नांग्या उगारलेलं जनावर, पानभर. मी माझा अंगठा खालच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवला, बरोबर त्याच जागी, आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग उचलला.

तिथे एक माणूस उभा होता. नखाएवढा, पाठमोरा, हातात काठीसारखं काहीतरी. एवढ्या मोठ्या जनावरासमोर एकटा. टीव्हीवरचा चौकोनी ठिपका तो. म्हणजे खेळताना ती पोर स्वतः जो व्हायची, तोच.

"काय गं आत्या, काय झालं?" भाच्याने विचारलं.

"याले मी फाडलं होतं," मी म्हटलं. बाबांना जे सांगायचं राहिलं होतं, ते त्याला सांगितलं.