हुग्गीची वाटी

माणूस सरळ चालला की समाज सरळ चालतो, असं आमच्या हायस्कूलचे चेअरमन दर भाषणात सांगायचे. निपाणीत त्यांची तंबाखूची वखार होती. विचारही तिथंच मुरत असावेत.

एका सकाळी प्रार्थना झाल्यावर त्यांनी मला पुढं बोलावलं. मैदानावर शर्यतीसाठी पांढऱ्या फक्कीची रेघ मारलेली होती.

"मास्तर, ह्या रेघंवरनं चाला बघू."

थोडा चाललो. पाय फाकले. पडलो. सगळी शाळा बघत होती. माझा वर्गही.

"सकाळी सकाळीच घेतलीसा व्हय? पगार आला म्हणून वस्तीतली सवय जात न्हाय."

मी दारूला कधी शिवलो नव्हतो. आमचं घर बौद्ध. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातली दारू गेली. पण पाय झिंगायचे. बोटं बधिर. हातातला खडू कधी पडला ते पोरं हसल्यावर कळायचं. जीभ जड. मी माझ्याच अंगात कोंडलो होतो, आणि बाहेरून फक्त दारुडा दिसत होता.

शेवटी मोठ्या दवाखान्यात आतड्याचा तुकडा काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, "गहू बंद. अंगाचं रक्षण करणारी फौज गव्हातल्या चिकट भागाला शत्रू समजते आणि आपल्याच आतड्यावर तुटून पडते. तुमच्यात मेंदूवरही. तोल सांभाळणाऱ्या भागावर."

"पाय परत येतील?"

"आहेत एवढे टिकले तरी मिळवलं."

लहानपणी आमच्यात जोंधळ्याची भाकरी. नोकरी लागली आणि रोज चपाती सुरू झाली. डब्यात चपाती म्हणजे आम्ही सुधारलो. आईनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजे सुधारणा बाधली रं तुला."

डॉक्टरांची चिठ्ठी चेअरमनना दाखवली.

"गव्हानं कोण झिंगतंय व्हय? मग सगळी निपाणी झिंगाय पायजे."

शाळेच्या वार्षिक पूजेला प्रसाद होता हुग्गीचा, म्हणजे गव्हाची गोड खीर. चेअरमननी सगळ्यांसमोर वाटी माझ्या हातात दिली.

"देवापुढं खावा आन् म्हणा, आजपासनं सोडली. नोकरी ऱ्हाईल."

खाल्ली तर उरलेले पाय जाणार, आणि न घेतलेली दारू कबूल होणार. नाही खाल्ली तर नोकरी जाणार, वर प्रसाद झिडकारल्याचा बोभाटा. वाटी गरम असावी. बोटांना कळत नव्हतं.

मी ती खाली ठेवली. जीभ अडखळली, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"मी कधी प्यालोच नाही. त्यामुळं सोडणार नाही. उद्यापासून काठी घेऊन येईन. भिंत धरून शिकवीन. काढायचं असेल तर कारण लिहून काढा. ते मी कोर्टात वाचून दाखवीन."

वाटी शेजारी बसलेल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी उचलून संपवली. ते रोज संध्याकाळी चेअरमनसोबतच घ्यायचे.