पट्टीचं बटण

आमच्या शेजारचे भाऊ जय भीमला नुसती मान हलवतात. कृषी कार्यालयातून आले की कॉम्प्युटरसमोर बसतात. म्हणून विहारातल्या गायन मंडळाचा कीबोर्ड मी त्यांच्याकडेच नेला. विहारातल्या लिनक्सच्या कॉम्प्युटरला जोडला की सूर वाजायचे, पण पट्टी बदलायचं बटण चालत नव्हतं. आमच्या वादकाला एकाच पट्टीतली बोटं येतात आणि त्या पट्टीत गाणाऱ्या मावशींचा गळा फाटतो. जयंती तोंडावर आलेली.

भाऊंनी कीबोर्ड मेव्हण्याच्या विंडोजवाल्या कॉम्प्युटरला लावला. तिथे बटण चाललं. मला दाबायला बसवून ते पडद्यावरचे आकडे ओठातल्या ओठात वाचत राहिले.

"दाबा, ताई."

"दाबलं."

"अजून."

"भाऊ, बोट दुखून राह्यलं माहं."

"बटणाचं दुखते का?"

शेवटी म्हणाले, "विंडोजमधला कंपनीचा प्रोग्राम याले पहिले काही आकडे पाठवते. त्याबिगर बटण जागं होत नाही."

मग विहारात येऊन तेच आकडे त्यांनी आमच्या कॉम्प्युटरकडून पाठवले. बटणाचा दिवा लागला. मी हात जोडणार, तोच त्यांनी वायर उपटली.

"हे काऊन केलं?"

"मंडपात कोणाच्या पायानं निघाली तं?"

परत लावली, दिवा नाही. भाऊ पुन्हा खुर्चीत बसले. वायर लावली की आकडे आपोआप जातील, अशी सोय करूनच उठले.

जयंतीला ऐन गाण्यात वायर निघाली. मावशी ढोलकीवर गात राहिल्या. वादकाने वायर खोचली, दिवा लागला आणि सूर मावशींच्या पट्टीत येऊन मिळाले. मी भाऊंकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. ते गाणं म्हणत नव्हते.