काय काम आहे?

माझ्या थोरल्या बहिणीचं रोह्यातलं घर आळीच्या अगदी तोंडाशी आहे. भावजी गेले, दोन्ही मुलगे बाहेर पडले आणि ताई एकटी राहिली. एकटी म्हणजे रात्री निजण्यापुरती. एरवी सकाळी उघडलेलं दार दिवेलागणीपर्यंत लागत नसे. समोरची बाई चहापत्ती मागायला यायची आणि चहा पिऊनच परत जायची. मागच्या मोहल्ल्यातल्या खाला आपल्या कुवेतच्या मुलांची गाऱ्हाणी घेऊन यायच्या आणि ताईच्या मुलांची ऐकून जायच्या. कोळीण तर रस्त्यावरूनच हाक मारायची, "बाय गो, हायस का?" उत्तराची वाट न बघता ती ओट्यावर पाटी टेकवायची आणि अंगणात विळी मांडून बसायची. ती बसली की कुंपणावर कावळे गोळा व्हायचे. ताई त्यांना शिव्या घालायची आणि कोळीण शेपट्या घालायची.

हे सगळं माझ्या थोरल्या भाच्याला खटकायचं. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. माणसाला कमी माणसं लागावीत, हेच त्याचं काम. धाकटा दुबईत तेच करतो. एका दिवाळीत दोघांनी आईचं 'सगळं सेट' करून टाकलं. हा शब्द मी पहिल्यांदा जेलीच्या बाबतीत ऐकला होता. स्वयंपाकघरात कॅमेरा आला, ओटीवर कॅमेरा आला. गोळ्यांची एक डबी आली, ती वेळेवर कोकलायची. मनगटावर घड्याळ आलं, ते ताईची नाडी मोजून पुण्याला कळवायचं. वाणसामान मोबाइलवरून पुण्यातून मागवलं जायचं आणि रोह्यात पोचायचं. दोनशे पावलांवरचा वाणी, ज्याच्याशी ताई तीस वर्षं गुळाच्या रंगावरून भांडत आली होती, तो आता बिनकामाचा झाला. भाचा मला म्हणाला, "मामा, आईचा किती वेळ वाचतो बघा." वाचलेल्या वेळाचं त्या बाईनं काय करायचं, हे मात्र सेट करायचं राहून गेलं होतं.

सगळ्यांवर कडी म्हणजे दाराच्या चौकटीवर बसवलेली घंटी. काळी डबी, तिला एक डोळा. कुणी ओट्यावर पाय ठेवला की पुण्यात भाच्याचा फोन वाजायचा, आणि तो जिथं असेल तिथून, मीटिंगमधून, गाडीतून, भिंतीतून बोलल्यासारखा विचारायचा, "कोण? काय काम आहे?"

कोळणीला त्या घंटीनं विचारलं त्या दिवशी मी तिथंच होतो. पेणहून पोह्याचे पापड घेऊन गेलो होतो आणि ताई खाडीतला जिताडा मासा मिळणार म्हणून खुशीत होती. कोळणीनं हाक मारली, पाटी टेकवली आणि भिंत बोलली. ती दचकून दोन पावलं मागं सरली. मग तिला राग आला.

"काय काम म्हंजे?" ती डबीला म्हणाली. "तू कोन रं इचारनारा? तुझं नाव ठेवलं तवा मी हितंच जेवलेय."

डबीनं अत्यंत सभ्यपणे सांगितलं की आईला बाहेरची मासळी नको, डॉक्टरांनी सांगितलेली ताजी मासळी बर्फात पॅक होऊन दर शुक्रवारी घरपोच येते. खाडीवरून सकाळी आलेली मासळी बाहेरची आणि शुक्रवारची पॅक केलेली ताजी! ताई धावत बाहेर आली, हाक मारत राहिली, पण कोळणीनं पाटी डोक्यावर घेतली होती. ती पुन्हा त्या आळीत वळली नाही. सरळ मोठ्या रस्त्यानं बाजारात जायला लागली.

हळूहळू बाकीचीही आटली. समोरच्या बाईला चहापत्ती मागताना पुण्याला कारण देण्याची लाज वाटायला लागली. खाला एकदा म्हणाल्या की मुलाचं गाऱ्हाणं मुलाच्या कानाखाली बसून कसं करायचं. खरंच होतं. कुणाशी भांडण झालं नाही, कुणी काही तोडलं नाही. दार तेच होतं, फक्त तिथं आता प्रत्येकाला काम दाखवावं लागत होतं, आणि आमच्याकडे माणूस माणसाकडे कामासाठी कधी जातच नव्हता.

मी गेलो की ताई मला मागच्या दाराच्या पायरीवर न्यायची. तिथवर कॅमेऱ्याची नजर पोचत नसे. "इथं बस, तिथं ऐकू जातं," म्हणायची. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलांपासून चोरून. एकदा तिथं बसून ती म्हणाली, "घराला दार हाय आणि कुणी येत नाय रे. असं कधी बघितलंस तू?"

मी ते भाच्याला सांगितलं. तो हसला. "मामा, सिक्युरिटीसाठी आहे ते. आणि आईला बोलावंसं वाटलं तर मी आहेच की चोवीस तास." चोवीस तास असणाऱ्या माणसाशी काय बोलायचं असतं, देव जाणे. गणपती चोवीस तास असता तर त्याच्यासाठी मोदक कुणी केले असते?

श्रावणात ताई गेली. हृदयाचा झटका. मनगटावरच्या घड्याळानं पुण्याला वेळेत कळवलं, पुण्यानं गाडी वेळेत पाठवली, आणि ताई तरीही गेली. भाचा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या घड्याळाचं कौतुक सांगत होता. येणारे थोडेच होते. बातमी ग्रुपवर टाकली होती, आणि ग्रुपवर जोडलेल्या हातांची चित्रं धडाधड येऊन पडली होती. आळीतून कुणी सांगत फिरलं नाही. कशाला फिरायचं, वेळ जातो.

दहाव्याला नदीवर पिंड मांडले. समोरच्या पिंपळावर कावळे होते, पण खाली एकही उतरेना. गुरुजी शांत माणूस होते. म्हणाले, त्यांच्या मनात काही राहिलं असेल, ते बोला, कबूल करा.

थोरल्यानं आईच्या नावानं देणगी कबूल केली. कावळा हलला नाही. मग घर विकणार नाही म्हणाला. मग घराला नवा रंग देईन म्हणाला. त्याची यादी तेवढ्यात संपली. धाकटा दुबईहून फोनच्या पडद्यावर होता. तो "आई, वर्षश्राद्धाला मी नक्की" एवढं म्हणाला आणि तोंड उघडं ठेवून गोठला. दोन शिकलेली मुलं, आईची नाडी, साखर, झोप, पावलं, सगळं ज्यांच्या खिशात होतं, आणि तिला काय हवं होतं याचा एकालाही अंदाज करता येईना. मला इतकी घृणा आली की नदीकडे तोंड केलं.

शेवटी मी पुढं झालो. "ताई," म्हटलं, "दारावरची ती घंटी मी काढतो. आजच काढतो."

भाच्यानं कपाळाला आठी घातली. कावळ्यानं एक फांदी बदलली, पण आला नाही. नुसत्या आश्वासनावर येण्याइतके आता तेही भोळे राहिलेले नाहीत. भाच्यानं हळूच विचारलं, "गुरुजी, याला पर्याय असतो ना?" असतो. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि आम्ही मोकळे झालो. पुढचं सगळं पुण्यात एकाच दिवशी उरकायचं होतं, हॉल ठरला होता. भाचा जेवून गाडीत बसला. कुलूप लावायला मी मागं राहिलो.

कुलूप लावलं नाही. स्क्रू-ड्रायव्हर शोधला आणि स्टुलावर चढलो. पहिला स्क्रू निघाला तोच माझ्या नाकासमोर डबी बोलली. भाचा कोलाडच्या पुढं पोचला असेल.

"कोण? मामा? काय काम आहे?"

"काही काम नाही," मी म्हटलं आणि दुसरा स्क्रू काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार सताड उघडं टाकून मी ओट्यावर बसलो होतो. मोठ्या रस्त्यावरून कोळीण चालली होती. तिनं दाराकडे बघितलं, थांबली, आणि आळीत वळली.

"बाय गो, हायस का?"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती ग्रुपवर नव्हती. मी उठून पाटीला हात लावला आणि सांगितलं. ती ओट्याखाली, तिच्या जुन्या जागेवर, मटकन बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. दहा दिवसांत त्या घरात कुणी असं रडलं नव्हतं.

तिच्या पाठीमागं कुंपणावर कावळे येऊन बसले. तेरावं होईपर्यंत त्या घरात मासळी चालणार नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. तिनं पाटीत हात घालून एक मांदेली काढली आणि सवयीनं कुंपणाकडे टाकली. एक कावळा खाली उतरला, अंगणाच्या मधोमध आला आणि ती उचलून घेऊन गेला.

भाच्याला मी हे कळवलं नाही. त्याच्या हिशेबी ते काम कालच झालं होतं.