बर्फातल्या मुलींचं पाणी

सोलापुरात मी मराठी तिसरीत शिकत होते. एकदा भूगोलाच्या तासाला बाईंनी कॅनडातल्या शाळेचं चित्र दाखवलं. खिडक्यांपर्यंत बर्फ साचलेला आणि दारात लोकरी टोप्या घातलेल्या मुली उभ्या. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण विणकराची मुलगी होती. घरी तेलुगू बोलायची, आणि घरचं पाणी भरूनच शाळेत यायची. तिनं विचारलं, "बाई, या पोरी पाणी कुटनं आणत्यात?"

आम्ही सगळ्या हसलो. तिथं तर दारातच पाण्याचे ढीग दिसत होते. बाई मात्र हसल्या नाहीत. "मला ठाऊक नाही. विचारू या," त्या म्हणाल्या. त्यांच्या ओळखीच्या एक मडम तिकडं शिकवत होत्या. बाईंनी त्यांना पत्र लिहिलं.

उत्तर आलं तेव्हा उन्हाळा लागला होता. बाईंनी ते आम्हाला मराठीत सांगितलं. तिथल्या मुली बादलीनं बर्फ आणतात आणि चुलीवर वितळवतात. बादलीभर बर्फाचं जेमतेम दोन तांबे पाणी होतं.

"म्हंजी लई खेपा की," मैत्रीण हळूच म्हणाली.

पत्राच्या शेवटी तिथल्या एका मुलीनं विचारलं होतं, 'तुमच्याकडे चूल न पेटवता पाणी मिळतं, हे खरं का?'

मैत्रिणीनं जरा विचार केला.

"खरं हाय म्हणून लिवा, बाई," ती म्हणाली. "पण नळावर नंबर लावावा लागतोय, तेबी लिवा."

बाईंनी दोन्ही लिहिलं.