इर्माच्या भुवया

मार्लिस ग्रुबर खोटं बोलणारी बाई नव्हती, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात आता तुम्हाला याच्या उलट ऐकायला मिळेल. विस्कॉन्सिनमधल्या या गावात एक सॉसेजची फॅक्टरी आहे, तीन चर्च आहेत आणि बार त्याहून जास्त. मी इथल्या साप्ताहिकाचा बातमीदार. फॅक्टरीत काही बिनसलं की मी फोन करायचा आणि मार्लिसने उचलायचा, यात आमची निम्मी हयात गेली. फॅक्टरीच्या वतीने बोलणं हीच तिची नोकरी होती. तिचा बाप तिथेच मांस कापायला होता आणि दोन बोटं तिथेच ठेवून घरी आला. फॅक्टरीने तेव्हा काढलेल्या पत्रकात 'किरकोळ दुखापत' असं छापलं होतं. मार्लिस म्हणायची, "ते वाचलं आणि ठरवलं, हे लिहायचं काम कुणीतरी नीट करायला हवं."

तिने ते नीट केलं. कुठलंही निवेदन बाहेर जाण्याआधी ती शेजारच्या इर्मा वोल्नीला वाचून दाखवायची. इर्मा शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, ऐंशीच्या पुढची, जिभेला हाड नसलेली बाई. मार्लिस तिच्या टेबलाशी बसायची, कॉफी ओतून घ्यायची, वाचायची आणि इर्माच्या भुवयांकडे बघायची. भुवई चढली की ते वाक्य खोडायचं. अमोनियाची गळती झाली तेव्हा तिने वाचलं, "काही कामगारांना अस्वस्थ वाटलं."

"अस्वस्थ?" इर्मा म्हणाली. "अस्वस्थ मला जावई आला की वाटतं. तुमची माणसं अँब्युलन्समधून नेली ना? मग तसं म्हण की, पोरी."

मार्लिसने तसं म्हटलं. मालक कर्ट हेल्गेसन चिडला, त्याचा वकील चिडला, पण गावाने विश्वास ठेवला. पुढे पुढे 'मार्लिस म्हणाली' एवढं बोललं की वाद मिटायचा. पगार कुणालाही मिळतो. हिची खरी कमाई म्हणजे हा शब्द, आणि ती तो फार जपायची.

मग त्या जुलैत शेजारच्या परगण्यात माणसं आजारी पडू लागली आणि आरोग्य खात्याने आमच्या फॅक्टरीच्या लिव्हर सॉसेजकडे बोट दाखवलं. शनिवारी सकाळीच कर्टने मार्लिसला बोलावून घेतलं. तिथे काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं.

"खराब माल सगळा बाहेर गेलाय," कर्ट म्हणाला. "आपल्या गावातल्या दुकानांत आहे तो चांगला आहे. लिही तसं."

"तपासणीचा अहवाल आला?"

"येईल सोमवारी. पण पहिल्या तासात बोला, हे तूच शिकवलंस ना आम्हाला? गप्प बसलं की लोक चोर समजतात, हेही तूच."

शिकवलं तिनेच होतं, ते खोटं नाही. या धंद्यातल्या लोकांची ही श्रद्धाच असते: आधी बोलून मोकळं व्हायचं, दुरुस्ती मागाहून. नळ फुटला तर प्लंबर आधी पाणी बंद करतो, मग तोंड उघडतो. यांचं सगळं उलट. मला या श्रद्धेची चीड आहे, आणि मार्लिससारखी शहाणी बाई तिच्यात अडकली याची जास्त चीड आहे.

तिने लिहिलं: 'गावातल्या दुकानांतला माल सुरक्षित आहे. माझ्या घरातही तोच आहे.' कागद घेऊन ती इर्माकडे गेली. कॉफी ओतली, वाचलं. भुवया जागच्या हलल्या नाहीत.

"झकास झालंय," इर्मा म्हणाली. "कुणालाही कळेल."

तासाभरात निवेदन सगळीकडे पोचलं. सोमवारी अहवाल आला, आणि दुकानांतला माल त्याच घाण्यातला निघाला. मार्लिसने कर्टला न विचारता दुरुस्ती पाठवली आणि धावत इर्माचं घर गाठलं.

"तू नाही ना खाल्लंस?"

"छे गं. माझ्याकडे कुठलं आलंय?"

मार्लिसने या वेळी भुवयांकडे बघितलंच नाही. तिला ते उत्तर हवं होतं, मिळालं, ती घरी गेली.

सॉसेजमध्ये सापडलेला हा जंतू सावकाश डोकं वर काढतो. ऑगस्टमध्ये इर्माला ताप भरला, मग मान आखडली, आणि तिला दवाखान्यात नेलं ते नेलंच; ती तिथेच गेली. दुसऱ्या दिवशी कर्ट कॅमेऱ्यासमोर आला. आधी इर्माचं नाव घेतलं, हात टेबलावर उघडे ठेवले, नजर खाली जाऊ दिली नाही. हे सगळं मार्लिसने घटवून घेतलेलं होतं. मग म्हणाला, "आमच्या एका कर्मचारी बाईंनी पूर्ण माहिती नसताना घाईने निवेदन दिलं. त्या आता आमच्याकडे नाहीत." फार छान बोलला मेला. चांगली शिकवणी वाया जात नाही.

गावाने काय करावं? शुक्रवारी बारमध्ये तळलेल्या माशाचं ताट समोर आलं की कुणीतरी विचारायचं, "ताजा आहे ना रे?" आणि दुसरा म्हणायचा, "मार्लिस म्हणाली, ताजा आहे." सगळे हसायचे. मीही त्याच बारमध्ये बसायचो, आणि मला त्या हसण्याची किळस यायची.

मी तिच्याकडे गेलो. म्हटलं, "तुझी बाजू दे. कर्टने सांगितलं म्हणून लिहिलंस, एवढं तरी दे. शब्दाला शब्द छापतो."

"लिहिलं तर वाचून कुणाला दाखवू?" ती म्हणाली. मी वही मिटली.

इर्माच्या अंत्यविधीला ती आली, याचं लोकांना आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं. नंतर चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचं आणि कॉफी होती. इर्माची मुलगी कार्लीन सगळ्यांना कॉफी ओतत होती. मार्लिस रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे-मागे जागा रिकामी राहिली. मी थोडा बाजूला होतो.

"आईने मला त्या शनिवारी फोन केला होता," कार्लीन किटली हातात धरून म्हणाली. "बातम्या ऐकून सॉसेजचं पाकीट कचऱ्यात टाकायला काढलं होतं तिने. म्हणाली, बरं झालं टाकलं नाही, मार्लिस मुद्दाम येऊन सांगून गेली. कांदा घालून खाल्लं म्हणाली. आणि आजारी पडल्यावर मला बजावलं, मार्लिसला कळू देऊ नकोस."

मार्लिसचा कप तसाच पुढे धरलेला होता.

"मी सांगायला नव्हते गं आले," ती म्हणाली. "मी नुसतं वाचून बघत होते. पटतंय का ते."

"पटलं की तिला," कार्लीन म्हणाली, आणि मार्लिसच्या मागच्या माणसाचा कप भरायला लागली.