बोर्डाजवळचा बंधारा

आमच्या पाणी समितीत काम थोडं आणि किस्से फार. एक सांगायला घेतला की मागे तीन रांगेत उभे! मी ओतूरच्या कॉलेजातून पदवी घेऊन राजुरीजवळच्या आमच्या गावी परतले, म्हणून मला सचिव केलं. अध्यक्ष तात्या, म्हणजे माझे चुलते. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला, "कंपनीचं सायेब येतील त्या दिवशी बंधारा भरलेला पायजे. कसा भरला, ते इचारायचं न्हाई."

मी विचारलंच. झालं होतं असं, की बंधाऱ्याला पैसे देणाऱ्या कंपनीने बंधाऱ्याआधी आपल्या नावाचा बोर्ड पाठवला. तात्यांनी तो डांबरी रस्त्याकडेला सिमेंटमध्ये पक्का रोवला. ओढा दोन शेतं पलीकडे. इंजिनिअर म्हणाला, बोर्ड हलवा. समितीने पुष्कळ विचार करून बंधारा हलवला.

*

बंधारा बांधला त्या रस्त्याकडेच्या कोरड्या घळीत पाणी यायचं ते खालच्या वस्तीच्या विहिरीतून, मोटर लावून. भरलेला बंधारा बघून साहेबांनी विचारलं, यात मासे आहेत का?

"लई," तात्या म्हणाले. "ऊन उतरलं की वर येत्यात."

साहेबांनी लिहून घेतलं.

*

मग ओढा-सफाईचा कार्यक्रम. बायकांनी आदल्या दिवशीच ओढा लख्ख केला होता. फोटोग्राफर वैतागला, साहेबांनी उचलायचं काय? राजुरीच्या बाजारातून ट्रॉलीभर कचरा आणून ओढ्यात टाकला. साहेबांनी फोटोपुरता उचलला. बाकीचा पावसाळ्यात वाहून गेला.

*

पुढच्या मे महिन्यात साहेब येऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी खालच्या वस्तीतल्या सुमनकाकूंनी समितीपुढे बादली आणून ठेवली. आत विहिरीतला चिखल.

"सायबाला पाणी दावलं, तात्या. आता आमाला दावा."

तात्यांनी त्यांना चहा सांगितला.

*

पंधरा दिवसांत साहेब परत येणार असा निरोप आला. गावाला दुसरा बंधारा द्यायचा का, ते ठरवायला. विहिरीत जेमतेम दोन हात पाणी. मोटरच्या खोलीची किल्ली सचिवाकडे, म्हणजे माझ्याकडे. साहेब यायच्या दिवशी सकाळीच तात्या आणि समितीतले चार म्हातारे दारात हजर. मी म्हटलं, मोटर लावणार नाही. त्यांनी नियमाची आठवण करून दिली, मग माझ्या वडिलांना हाक मारली, मग कॉलेजला नावं ठेवली.

"दुसरा बंधारा जाईल, पोरी."

"जाऊ द्या."

साहेब गाडीतून उतरले. कोरड्या बंधाऱ्यात एक म्हैस बसली होती.

"पाणी कुठे आहे?"

"खालच्या वस्तीच्या विहिरीत," मी म्हणाले. "तिथेच राहणार."

साहेबांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी चौघांकडे पाहिलं. चौघे म्हशीकडे बघत राहिले.