पहिला भाव

माझ्या बायोडेटावर फोन नंबर आबांचा होता. माझा स्वतःचा नंबर नव्हताच. घरात फोन एक, तो आबांच्या बंडीच्या आतल्या खिशात. दुपारी जेवून ते आडवे झाले की मी तो हळूच काढून घ्यायची. मी जे काही शिकले ते त्यांच्या दुपारच्या झोपेत शिकले.

आबा, म्हणजे माझे वडील, शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात दलाल होते. आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली, आबांनी राखणं सोडलं आणि बोलणं धरलं. मला भाऊ नाही, म्हणून आमच्या वडीगोद्रीहून घनसावंगीच्या बाजाराला जाताना जीपमध्ये त्यांच्या शेजारी मी असायची. बाजारात जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरतात, वरून रुमाल टाकतात, आणि रुमालाखाली बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती उभ्या माणसाला काही कळत नाही. सौदा पटला की तळहातावर थाप मारायची. शेळीचा मालक या सगळ्यात बाजूला उभा असतो. गप्प राहणं एवढंच त्याचं काम.

"धन्याच्या तोंडावर गरज दिसती," आबा सांगायचे. "म्हणून धन्यानं बोलायचं न्हाई."

पहिला भाव कधीच घ्यायचा नाही. "परवडत न्हाई" म्हणायचं, दोरी हातात घ्यायची आणि चालू लागायचं. मागं वळून बघायचं नाही. गिऱ्हाइकाला जनावर पाहिजे असेल तर ते आवाज देतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, ते आवाज देतंच. आबा त्या वेळी लगेच थांबायचे नाहीत. अजून थोडं चालून मग थांबायचे.

आमच्या घरची शेळी असली आणि कधी आवाज नाहीच आला, तर ती परत घरी. अशा शेळीला आबा दावणीला बांधण्याआधी स्वतःच्या हातानं गूळ चारायचे. तिला वाटू नये, म्हणायचे, की आपल्यात काही खोट होती.

भाव करणं मी त्यांच्याकडून शिकले आणि त्यांच्यापेक्षा तापट झाले. आबा हसत भाव पाडायचे, मी भांडून पाडते.

बारावीनंतर मी अंबडच्या कॉलेजात जायला लागले. तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीला कायम कुलूप. एका दुपारी आबांच्या फोनवर लग्नातल्या उखाण्यांचे व्हिडिओ बघता बघता एक हिंदी बोलणारा मास्तर लागला. वेबसाइट कशी बनवायची ते तो फुकट शिकवत होता. मला फुकट या शब्दाचा संशय येतो. फुकट देणारा पुढे कुठं कापणार ते मी आधी शोधते. या मास्तरनं कुठंच कापलं नाही. एक धडा संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा. मी त्याला मनातल्या मनात सर म्हणायला लागले.

सुरुवातीला फोनवरच कोड लिहायची. मग जालन्यात एक नेट कॅफे बंद पडत होता, तिथून जुना लॅपटॉप आणला. दुकानदाराला एवढं पिडलं की शेवटी तो आबांना म्हणाला, "काका, हिला घेऊन जा, लॅपटॉप बी घेऊन जा." नेमकी सेमीकोलनची कळ निघालेली होती. कोडमध्ये ओळीओळीला ते लागतं. खालच्या रबराच्या बोंडावर बोट दाबून दाबून माझ्या करंगळीला घट्टा पडला.

आई विचारायची, दिवसभर काय टाइपते गं. मी दाखवायची. पडद्याच्या मधोमध एक चौकोन. तो चौकोन मधोमध आणायला मला किती दिवस घासावं लागलं हे तिला कसं सांगणार? ती म्हणायची, बरा हाय, आणि भाकरी थापायला जायची.

सर सगळ्यांना कामांच्या यादीचं पान बनवायला लावायचे. देशभरातली पोरं तेच पान बनवत होती. मी शेळ्यांचा बाजार बनवला. फोटो, वजन, वय सांगणारे दात, गाभण आहे की नाही. दातांवर बोट ठेवलं की तेवढ्याच दातांच्या शेळ्या पुढे यायच्या. आबा खाटेवरून बघत होते. एकदा उठून जवळ आले आणि म्हणाले, "दात आधी टाक, रंग मागून. रंगाचं विचारतं त्याला घ्यायचं नसतं." मी तसं केलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारी ते स्वतःच फोन काढून माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवायला लागले, नेटसाठी.

शेवटच्या धड्यांत सर नोकरीचं सांगायचे. बायोडेटा कसा लिहायचा, मुलाखतीत काय विचारतात. एक व्हिडिओ पगाराच्या बोलण्यावर होता. आबा तेव्हा जेवत होते. सर म्हणाले, कंपनी जो पहिला आकडा सांगेल तो कधीच मान्य करू नका. आबांचा घास हातातच राहिला.

"हा मास्तर बाजारात बसलेला हाय," ते म्हणाले. फार खूश झाले.

मी पुष्कळ ठिकाणी अर्ज केले. कुठून उत्तर यायचं नाही. मग पुण्याच्या एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं, लॅपटॉपवरच. आईनं ओरडणारी पिल्लं लांब नेऊन बांधली. समोर तिघं होते. शेळ्यांचं पान उघडल्यावर एक जण हसला, पण चांगलं हसला, आणि दोन दाती म्हणजे काय ते त्यानं विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी कोडमधलं विचारलं, तेही सांगितलं. मुलाखत संपल्यावर मी बाहेर आले तर आबा ओट्यावर बसलेले. बराबर झालं का, एवढंच विचारलं. मी म्हणाले, झालं.

मला ती नोकरी फार पाहिजे होती. पुण्यातली खोली मी मनात लावून ठेवली होती. सगळ्या कळा असलेला लॅपटॉप कंपनी देते हे मला सरांच्या व्हिडिओतून कळलं होतं. माझ्या नात्यात पगाराची नोकरी केलेली एकही बाई नव्हती. मी पहिली होणार होते.

फोन आला तेव्हा सकाळ होती. आबा शेळ्यांना पाला टाकत होते, मी शेजारी उभी होते. अनोळखी नंबर बघून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. एका बाईंनी माझं नाव घेऊन विचारलं, त्या आहेत का. मी हात पुढे केला. आबांनी तळहात वर करून मला थांबवलं. बाजारात शेळीच्या मालकाला थांबवायचे, अगदी तसं.

"मी तिचा बाप बोलून राह्यलो. बोला."

बाई जरा अडखळल्या. मग अभिनंदन म्हणाल्या, तुमच्या मुलीची निवड झाली म्हणाल्या, आणि आकडा सांगितला.  एवढा मी धरलाच नव्हता. मी आबांची बाही ओढली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर माझ्या तोंडावरची गरज त्यांना दिसली असती.

"परवडत न्हाई," आबा म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

मी ओरडले. ते म्हणाले, "थांब जरा. पाठीमागं बघायचं न्हाई. जल्दी केली की भाव गेला." फोन बंडीच्या आतल्या खिशात गेला. मी तो मागितला, ओढला, रडले. आईसुद्धा म्हणाली, द्या तिला. ते शांत होते. त्यांची खात्रीच होती. दिवसभर ते खिशावर हात ठेवून अंगणात फिरले. चालता चालता आवाजाची वाट बघणारा माणूस जसा चालतो तसे.

आवाज आला नाही.

दिवस कलल्यावर ते हायवेच्या दुकानाकडे गेले आणि गुळाच्या पाकातल्या गुडीशेवेचा पुडा घेऊन आले. लहानपणी बाजारातून मला आणायचे तीच गुडीशेव. पुडा सोडून त्यांनी मूठभर शेव माझ्यापुढे धरली. ते काय करत होते ते मला त्याच क्षणी कळलं.

"मी काय परत आणलेली शेळी हाय का, आबा?"

"शेळी असती तर खाल्लं असतं गं, बाई," ते म्हणाले. हसायचा प्रयत्न केला. मी त्यांचा हात उडवला. शेव अंगणभर सांडली.

दुसऱ्या दिवशी फोन माझ्या हाती लागला आणि मी पुण्याला लावला. त्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्या वडिलांनी नकार दिला, आम्ही यादीतल्या पुढच्या उमेदवाराला कळवलं, त्यांनी होकार दिला. मी म्हणाले, तो नकार नव्हता.  बाई म्हणाल्या, मला तसंच वाटलं हो. 

आबांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग त्यांला गरज नव्हती."

"गरज मला होती."

"म्हणून तर तू बोलायचं नव्हतं."

याच्यापुढे आमचं बोलणं कधी गेलंच नाही. त्यांनी चुकलं म्हटलं असतं तर मी एक दिवस भांडून मोकळी झाले असते. ते म्हणाले नाहीत. सरांवरही माझा राग होता. पहिला आकडा घेऊ नका हे त्यांनी सांगितलं, पण तिकडं मागून आवाज देत नसतात हे सांगितलं नाही. त्या व्हिडिओखाली मी लिहिलं, सर, फोन ठेवू नका हेही सांगा. खाली कुणीतरी हसणारं तोंड टाकलं.

पुढे तसा फोन आला नाही. दर वर्षी नवी पोरं तेच व्हिडिओ बघून अर्ज करतात, आणि मी जुनी होत गेले. मग मी हायवेवरची दुकानं धरली. मंगल कार्यालय, बियाणांचं दुकान, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, ढाबा. त्यांच्या वेबसाइट मी बनवते. हळूहळू जालना, बीडची कामं आली, आता बाहेरचीही येतात. मोबाइलच्या दुकानामागं माझी एक खोली आहे. दुकानदार म्हणतात, पोरगी बापावर गेली, भाव सोडत नाही. मी त्यांना ऐकवते की बापाचं नाव काढायचं नाही, कामाचं बोला.

आबा मात्र फोन घेऊन यायचे. त्यांना अनोळखी नंबर आला की, कर्जवाल्याचा असो की विमेवाल्याचा, ते तो वाजणारा फोन हातात धरून माझ्या खोलीपर्यंत चालत यायचे. येईपर्यंत तो बंद झालेला असायचा. "बघ बरं बाई, पुण्याचा हाय का." मी बघायची नाही. म्हणायची, लोक येऊन राह्यले, जा तुम्ही. ते जायचे. जाताना मागं बघायचे नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बोलण्यावर जगलेला माणूस. जालन्याच्या दवाखान्यात ते नुसते डोळे फिरवत पडून असायचे. मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसायची. रागही शेजारीच होता. ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

एका दुपारी माझा फोन वाजला. ढाबेवाला होता, फोटो बदलायचे म्हणत होता. मी दोन शब्द बोलून ठेवला. बघते तर आबा माझ्याकडेच बघत होते. त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरला, ओढून चादरीखाली नेला आणि माझी बोटं मोकळी करून वाट बघत राहिले.

बाजारात हे असंच विचारतात. काय म्हणलं गिऱ्हाईक?

ढाबेवाला होता हे मी सांगू शकले असते. मी चादरीखाली त्यांची बोटं धरली आणि पुण्याच्या बाईंनी त्या सकाळी सांगितलेला आकडा दिला. तो मी कधी विसरले नव्हते. त्यांच्या डोळ्यांवरून कळलं, तेही विसरले नव्हते.

मी थांबले. आता ते मान हलवतील, आणखी एक बोट दाबतील, वर चढवतील. जन्मात त्यांनी पहिला भाव घेतलेला मी बघितला नव्हता. दुसऱ्याच्या शेळीसाठीसुद्धा नाही.

त्यांनी माझा हात उलटा केला आणि तळहातावर थाप मारली. हलकीच, जेवढी त्या हातात उरली होती तेवढी. सौदा पक्का.

इतकी वर्षं मला त्यांच्याकडून हेच पाहिजे होतं. मिळालं तेव्हा मला वाटलं, नको. वर चढवा आबा, परवडत नाही म्हणा, तुमची पोरगी एवढ्यात जात नसती म्हणा. मी परत त्यांची बोटं धरली, त्यांच्या वतीनं एक बोट वाढवलं. त्यांनी ते दुमडून टाकलं आणि पुन्हा थाप मारली. मग डोळे मिटून घेतले. धंदा झाला की जीपमध्ये बसून मिटायचे तसे.

त्या आजारातून ते उठले नाहीत. त्यांचा फोन आता माझ्या खोलीत असतो. नंबर मी चालू ठेवलाय. अनोळखी कॉल येतात, कर्जवाल्यांचे, विमेवाल्यांचे. मी प्रत्येक उचलते आणि समोरचा ठेवेपर्यंत स्वतः ठेवत नाही.